गोदाबाईची उभी चूल

गोदाबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला तो भर सकाळी, तव्यावर भाकर असताना.

त्या वर्षी कापूस मोप आणि वेचायला बाया कमी. गोदाबाई साठीला टेकलेली, पण कोणाचं ऐकेल तर शपथ. पहाटे सैपाक उरकायचा, कमरेला ओटी बांधायची आणि सुनेच्या आधी रानात हजर. थंडी सरली, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, रान मोकळं झालं, आणि मग अंगाने आपलं येणं मागितलं. बाई चुलीसमोर बसली ती बसलीच. एक हात भिंतीला, एक पाटाला लावून उठायला गेली, तर पाय होते तिथंच. भाकर करपली, घरभर धूर झाला, तेव्हा सून ललिता गोठ्यातून धावत आली. तिला एकटीला काही उचलेना. मुलगा शेषराव आला. शेवटी खुद्द घरधनी खुशालराव आले आणि बापलेकांनी दोन्ही बगलांत हात घालून बाईला सरकीच्या पोत्यासारखं उभं केलं. नेमकी त्याच वेळी शेजारची जाईबाई विस्तव मागायला दारात.

जाईबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की गोदाबाईला चुलीवरून उठवायला दोन गडी लागतात. खोटं असतं तर गोदाबाईने तिची बरी हजेरी घेतली असती. खरं होतं म्हणून ती गप्प बसली.

अकोटच्या डॉक्टरने गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं की हिंडा, फिरा, हवं तितकं उभं राहा, पण उकिडवं बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही. म्हणजे चुलीपुढे बसायचं नाही. एवढं सरळ त्याने म्हटलं नाही, पण येताना एसटीत गोदाबाईने त्याचा तेवढाच अर्थ काढला आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

आता तुम्ही म्हणाल, सून हाताशी आली, बाईने सुखाने ओसरीवर बसावं, तुकडा खावा. तर तुम्हाला गोदाबाईचा हात माहीत नाही. तिची पुरणपोळी उचलून पाहिली तर पलीकडचा माणूस दिसायचा. वांग्याची भाजी तर अशी की लग्नघरचे आचारी मसाला विचारायला यायचे आणि ती त्यांना अर्धाच सांगायची. घरात पैसा कधी फार नव्हता, पण पंगत उठली की लोक खुशालरावाच्या बैलांना नाही, गोदाबाईच्या हाताला नावाजायचे. त्या घराची अब्रू त्या चुलीवर शिजत होती म्हणा ना.

आणि ललिता? पोरगी मोर्शीकडची, गुणाची, कामाला वाघीण. पण सैपाक म्हटला की बोंब. तिची भाकर एका बाजूने जाड, एका बाजूने कच्ची. पुरणपोळी लाटायला घेतली की पुरण बाहेर आणि पोळी आत. सुरुवातीला गोदाबाई ओसरीवर बसून नाकाने सैपाक चालवायची. फोडणी करपली, डाळीत हळद राहिली, तवा तापला नाही, सगळं तिला वासावरून कळे आणि तिथूनच ती सुनेला फैलावर घेई. ललिता रडकुंडीला यायची. मग हळूहळू ओसरीवरून आवाज येणं बंद झालं. एके दिवशी भाजी भांड्याला लागून कोळसा झाली, वास रस्त्यावर गेला, तरी गोदाबाई काही बोलली नाही. समोर वाढलेलं अर्धं खाल्लं आणि ताट सारलं. त्या दिवशी ललिता खरी घाबरली.

चैत्रात ललिता मावशीच्या घरच्या बारशाला अमरावतीला गेली. मावशी राजापेठेत राहायची, नवरा कचेरीत कारकून. तिच्या घरी ललिताने पहिल्यांदा ओटा पाहिला. कमरेइतका उंच, वर फरशी, फरशीवर शेगडी, आणि मावशी पदर खोचून उभ्याने पोळ्या लाटत होती. ललिता बारसं विसरली. ती त्या ओट्याला हात लावून पाहत राहिली, मावशीच्या गुडघ्यांकडे पाहत राहिली. मावशीला वाटलं, पोरीला नजर लागली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. शेषरावाला पटलं, पण बापाला सांगायची त्याची छाती नव्हती. तो म्हणाला, तूच सांग. आता आमच्याकडे सुनेने सासऱ्याशी थेट बोलायची रीत नाही. सुनेला सासऱ्याला काही सांगायचंच असलं तर ती तिसऱ्याला सांगते आणि सासऱ्याने ते ऐकायचं. तिसरं माणूस नसलं तर खांबही चालतो. ललिताने गोऱ्हा निवडला. खुशालराव गाईची धार काढत बसले होते, तेव्हा ती गोऱ्ह्याच्या गळ्याला हात घालून त्याला म्हणाली,

"काहून रे राजा, राजापेठेत बाया उभ्यानं सैपाक करतात. गुडघा मुडपाचं कामच नाही. आपल्या घरी तसा ओटा असता, तं आत्याबाई अशा बसल्या असत्या का?"

चरवीतला धारेचा आवाज थांबला. खुशालराव थोर मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. बायकोशी चारचौघांत दोन शब्द बोलल्याचं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ते गाईकडेच पाहत म्हणाले,

"त्या गोऱ्ह्याले म्हनाव, शहाबादी फरशी लागते. ती काय त्याचा बाप आनून देते?"

गोऱ्हा गप्प बसला. ललिताही. पण दुसऱ्या दिवशी खुशालराव जुन्या विहिरीवर दिसले. वर्षभरापूर्वी शेजारच्या मळ्यात इंजिन आलं, त्याचं पाणी वाट्याने घेतलं, आणि तेव्हापासून आपली मोट बंद होती. मोटेचं पाणी जिथं कोसळायचं त्या थारोळ्यात एक काळी फरशी बसवलेली होती, पुरुषभर लांब. खुशालरावाच्या आज्याच्या काळापासून पाणी पडून पडून ती लोण्यासारखी गुळगुळीत झालेली. खुशालराव तिच्यावर बसून तंबाखू मळत होते आणि फरशीवरून हात फिरवत होते. शेषरावाने लांबून पाहिलं आणि तो काय समजायचं ते समजला.

आता एक अडचण. ओटा गोदाबाईसाठी आहे असं तिला सांगितलं तर ती होऊच देणार नाही. माझी लाकडं मसणात गेली, माझ्यासाठी कशाला खर्च, असं म्हणून ती पहिल्याच दिवशी गवंडी हाकलून देईल. म्हणून ठरलं असं की ओटा ललितासाठी. सूनबाईने शहरात पाहिला, सूनबाईचा हट्ट. ललिताने हे सगळं मुकाट्याने आपल्या अंगावर घेतलं. सासूला तसं सांगितलं तेव्हा गोदाबाईने जात्याकडे तोंड फिरवलं.

"माही चूल फोडाले मुहूर्त तरी पाह्यला का?" ती म्हणाली. "उभ्यानं हॉटेलवाले भजे तळतात. अन् आखाजीले पितराइले घास कुठून दाखवान? अधांतरीच्या चुलीवरून?"

हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांना पुरणपोळी, आंब्याचा रस, चिंच-गुळाची चिंचोणी असं पान दाखवतात आणि ते घरच्या थोरल्या बाईच्या हातचं लागतं. भुईपासून सुटलेल्या चुलीवरचा नैवेद्य कोणाच्या ऐकिवात नव्हता. पण खुशालरावांनी खांबाकडे पाहत निकाल दिला. "माह्या मायले पुरनाची पोई पायजे होती," ते म्हणाले, "चूल कुठं हाय हे तिनं कधी इचारलं नाही." त्या संध्याकाळी गोदाबाई जेवली नाही. ललिता गोठ्यात जाऊन गोऱ्ह्याजवळ पोटभर रडली आणि परत येऊन भांडी घासायला बसली.

माप घ्यायचं राहिलं होतं. गोदाबाई भिंत धरून उठली, ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली, की खुशालराव खांबाला वाळवी लागली का ते पाहायचे. पहिल्या दिवशी पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. तिसऱ्यांदा वाकून खांबाला खालून वर हात लावत आले आणि बाईच्या कमरेपाशी थांबले. गोदाबाई दचकून पदर सावरू लागली. चाळीस वर्षांत दिवसाउजेडी एवढ्या जवळ आलेला माणूस नव्हता तो. "वाळवी नाही," असं म्हणून खुशालराव उठले. माप मिळालं होतं. दोन हाताला चार बोटं कमी.

मग कामाला तोंड लागलं. रोजानं गडी लावायची ऐपत नव्हती, म्हणून एक पुंजाजी गवंडी सोडला तर सगळे घरचेच. आधी मागची भिंत फोडली. तीन पिढ्यांचा धूर त्या भिंतीत मुरलेला, एकेक वीट काढली की काजळी कपाळावर. शेषराव तीन दिवस डांबरासारखा काळा हिंडत होता आणि शिंकला तर काळं शिंकत होता. भिंतीला खिडकी पडली तेव्हा ललिता आत उभी होती. उजेड तिच्या पायापर्यंत आला. तिने सैपाकघराची भुई पहिल्यांदाच धड पाहिली, आणि आपण इतके दिवस कशाकशावर बसून सैपाक केला ते पाहून तिला हसू आवरेना.

फरशी आणणं हे बैलांचं काम होतं, पण ती थारोळ्यातून सोडवणं माणसांचं. बापलेकांनी पहारी लावल्या. फरशी हलेना. खुशालरावांनी धोतर खोचलं, पागोटं काढून बांधावर ठेवलं आणि छातीने पहार रेटली. मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या. एकदाचा आतून फसकन आवाज आला, फरशी सुटली आणि खालून विंचवांची एक अख्खी वस्ती बाहेर पडली. बापलेक बांधावर उड्या मारत पळाले. तिथून जाणाऱ्या माणसांनी खुशालरावांना धावताना पाहिलं तेही त्या गावात पहिल्यांदाच. मग गाडीवरचा सांगाडा, साटी, उतरवून, खाली पऱ्हाट्यांच्या पेंढ्या घालून फरशी चढवली आणि नवरी आणावी तशी पावलापावलाने गावात आणली.

बाकीचं सगळं जुळवाजुळवीचं. जुन्या गाडीच्या फळ्यांची फडताळं झाली. चाकाच्या लोखंडी धावेचे तुकडे वाकवून भांडी टांगायला आकडे झाले. गोडेतेलाचे रिकामे डबे एकाला एक जोडून धूर वर न्यायला नळकांडं करायचं होतं, ते काम अकोटच्या डबेवाल्याकडे. आणि ललिताची एक हौस होती, तीही गोऱ्ह्यामार्फत कळवलेली, की छपराला एक काचेचं कवेलू, म्हणजे कौल, असावं. म्हणून पुंजाजीला ओट्याचं माप सांगून बापलेक अकोटच्या बाजाराला गेले.

पुंजाजी गवंडी हा आमच्या गावचा सर्वांत उंच माणूस. त्याला कुठल्याच दारातून सरळ जाता येत नसे. बांधकामात एकदम पक्का, चुन्यात हात घातला की दगड दगडाला जन्माचा चिकटला. त्याने विटा मातीत रचल्या, वर चुना घातला, चार जणांना हाक मारून फरशी चढवली, चूल घालायला वर मातीचा थर दिला आणि कोपरे गुळगुळीत केले. बापलेक संध्याकाळी काचेचं कवेलू छातीशी धरून परत आले तेव्हा ओटा तयार होता. झकास होता. काळीभोर फरशी आरशासारखी चमकत होती.

ललिता हौसेने पुढे झाली आणि ओट्यासमोर उभी राहिली. फरशी तिच्या छातीला लागली.

तिने टाचा उंचावल्या. वर चूल बसल्यावर तव्यात काय चाललंय ते पाहायला शिडी लागली असती. मग खुशालरावांचा आवाज चढला. दोन हाताला चार बोटं कमी सांगितलं होतं, हा काय तमाशा? पुंजाजीने शांतपणे आपला हात ओट्याच्या कडेला लावून दाखवला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक, वर दुसरा, चार बोटं सोडली. बरोबर होतं. हात पुंजाजीचा होता. खुशालरावांनी आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला तर तो मनगट संपल्यावर थोडाच पुढे जाऊन संपला. शिवाय फरशीची जाडी कोणी धरलीच नव्हती.

"माप मालकाच्या हाताचं असते," खुशालराव म्हणाले. "होमाचं कुंड कोनाच्या हातानं मोजतात? भटाच्या?"

"ते होमाचं झालं," पुंजाजी म्हणाला. "बांधकामात हात बांधनाऱ्याचा. माह्या बापानं सारं गाव असंच बांधलं. कोनाचं घर पडलं का?"

दोघेही खरे होते, आणि दोन खरी माणसं भांडायला लागली की रात्र पुरत नाही. तेवढ्यात ओसरीकडून एक आवाज आला. आधी वाटलं, ठसका लागला. मग पाहतात तो गोदाबाई दारात भिंत धरून उभी, आणि हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ओट्याला छाती लावून टाचा उंचावून उभी असलेली सून, हाताशी हात मोजणारे दोन म्हातारे, आणि कुशीत काचेचं कवेलू घेतलेला शेषराव. कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. "करा," ती म्हणाली, "आता सुनेले घोड्यावर बसवून सैपाक करा."

पुंजाजीला ते लागलं. कामावर बोट ठेवलेलं त्याला खपत नसे. तो फणकाऱ्याने म्हणाला,

"हासू नका, गोदाबाई. माप सुनेचं नाही, तुमचं हाय. मालकानंच सांगतलं मले, शेषाच्या मायच्या कमरेइतका कर, तिले उभ्यानं जमते म्हनून."

हसू थांबलं. ललिता खाली पाहू लागली. शेषराव कवेलू कुठं ठेवावं ते शोधू लागला. गोदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव छपराचं एक एक लाकूड निरखत होते. तिला खांबाची वाळवी आठवली असावी, कारण तिचा चेहरा आधी लाल झाला, मग वाकडा झाला. सुनेला आपण मनातल्या मनात काय काय बोललो तेही तिला आठवलं. एवढी माणसं आपल्यासाठी चिखलात हात घालत होती आणि आपण ताट सारून उपाशी निजत होतो, याची तिला लाजही वाटली आणि सुखही वाटलं. तिने पदराने नाक पुसलं.

"मले इचारलं असतं तं मी माह्या हातानं मोजून देल्लं असतं," ती म्हणाली.

ओटा फोडायचा हाच एक मार्ग दिसत होता. पुंजाजी म्हणाला, चुना धरलाय, घण घातला तर फरशी तडकेल. दुसरी फरशी नाही आणि आणायला पैसा नाही. आखाजी तर दारात आलेली, लेक मनकर्णा सासरहून यायला निघालेली. सगळे ओट्याकडे पाहत उभे राहिले. आणि गोदाबाई भिंत धरत धरत आत आली. ओट्याजवळ उभी राहिली. फरशीवर तळवा टेकला, फिरवला. तो थंड, गुळगुळीत दगड तिला आवडला हे सगळ्यांनी पाहिलं.

"ओटा खाली येत नसन," ती म्हणाली, "तं भुई वर आना."

"काय?" पुंजाजीने विचारलं.

"माती टाका अन् भुई वर आना. हातभर. अन् हात माहा." तिने आपला आखूड हात पुढे केला, कोपर वाकवून, बोटं ताठ करून. पुंजाजीने खिशातून सुतळी काढली आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माप घेऊन गाठ मारली. त्याने आयुष्यात दुसऱ्याच्या हाताने घेतलेलं ते पहिलं माप.

आणि पायरी करायची नाही, असंही तिने बजावलं. पायरी गुडघ्यांना चालत नाही. दारापासून ओट्यापर्यंत उतार काढायचा, खळ्यावर गाडी चढते तसा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावामागच्या गढीची पांढरी माती यायला लागली. आमच्याकडे घर सारवायचं, छप्पर धरायचं, सगळं त्या मातीवर, ती कोणाच्या मालकीची नाही. शेषराव गाडी भरून आणत होता, ललिता टोपल्यांनी आत टाकत होती. दुसऱ्या खेपेला शेजारची जाईबाई डोक्यावर टोपली घेऊन दारात आली. गोदाबाईने तिच्याकडे पाहिलं. जाईबाईने टोपली ओतली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली की आपल्यालाही आताशा गुडघे बोलतात, उद्या आपल्यावरही पाळी यायची. गोदाबाई म्हणाली, तुला उठवायला तीन गडी लागतील. दोघी खळखळून हसल्या आणि ते प्रकरण तिथं मिटलं. जाईबाईने मग गावभर सांगितलं, आणि सांगण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, त्यामुळे दुपारपर्यंत डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायांची रांग लागली.

मातीवर पाणी शिंपडून धुम्मस घालायला, माती चोपायला, सुरुवात झाली. चार बाया चार कोपऱ्यांत, धप् धप् धप् धप्. घागरी फडताळावर नाचायला लागल्या. गोदाबाई ओट्याला टेकून मधोमध उभी आणि तोंड सुरू. इथं खळगा राहिला, तिथं ढेकूळ फुटलं नाही, जाईबाई जोर लाव, घरी जेवली नाहीस का. ललिता कमरेइतक्या धुळीत होती, तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. सासू तिच्यावर ओरडली, "अवं ललिता, झोपली का? धुम्मस उचल नीट." आणि ललिताच्या तोंडावर हसू फुटलं. इतके दिवस ती त्याच ओरडण्याची वाट पाहत होती.

भुई बसली, सारवून झाली. गोदाबाईने नव्या ओट्यावर चूल स्वतः घातली, उभ्याने. काळी माती, पांढरी माती, घोड्याची लीद, थोडी सरकीची पेंड. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. डब्यांचं नळकांडं छपरातून बाहेर निघालं. काचेचं कवेलू बसलं आणि बरोबर दुपारी उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडायला लागला.

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ओट्यापाशी भुई हातभर वर आली, पण छप्पर होतं तिथंच होतं. आडवी तुळई आता खाली आली. गोदाबाई आणि ललिता खालून सहज जात. शेषरावाला मान तिरपी करावी लागे. पुंजाजी तर काम पाहायला आला तो उतारावर बसूनच पाहून गेला. खुशालरावांनी चूल बघायला म्हणून आत पाय टाकला आणि पागोट्यासकट कपाळ तुळईवर आपटलं. ते कपाळ चोळत बाहेर गेले. पुन्हा आत आले नाहीत.

आखाजीच्या सकाळी गोदाबाईने अंघोळ केली, नवं लुगडं नेसली आणि भिंत न धरता उतार चढली. मनकर्णा आदल्या संध्याकाळी आलेली. ती आणि ललिता पुरण वाटत होत्या. पऱ्हाटीची काडी पेटली. धूर आधी घुटमळला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग नळकांड्यात शिरला. बाहेर अंगणात जाईबाई ओरडली की वर निघाला, वर निघाला. आत डोळ्यांत धूर नव्हता, तरी तिघींचे डोळे ओले होते.

गोदाबाईने पहिला गोळा घेतला. बोटं सुरुवातीला बिचकली. लाटणं उभ्याने वेगळं चालतं, जोर खांद्यातून येतो. पहिली पोळी जराशी फाटली, ती तिने कोणाला दिसायच्या आत गोऱ्ह्यासाठी बाजूला ठेवली. दुसरी तव्यावर टाकली. ती फुगली, अख्खी, कडेपासून कडेपर्यंत. वास ओसरीवर गेला, ओसरीवरून रस्त्यावर गेला. शेषराव उगाचच दारातून तिसऱ्यांदा गेला. गोदाबाईने ललिताला जवळ ओढलं, तिच्या हातावर आपले हात ठेवले आणि तिसरी पोळी तिच्याकडून लाटून घेतली. "हलक्या हातानं," ती म्हणाली, "तू काय ढेकळं फोडून राह्यली का?" पुरण आतच राहिलं. ललिताने ती पोळी उचलून काचेच्या कवेलूखाली, उजेडात धरली.

पान वाढून झालं. पुरणपोळी, रस, चिंचोणी, कुरड्या, वर तुपाची धार. पितरांचं पान घरच्या कर्त्याने स्वतः चुलीपासून उचलून न्यायचं असतं. खुशालराव सोवळं नेसून दारात येऊन थांबले. त्यांची नजर तुळईवर गेली, मग उतारावर, मग बायकोवर. त्यांनी मुलाला हाक मारली की पान जरा बाहेर आणून दे. गोदाबाईने शेषरावाला नजरेनेच जागेवर थांबवलं.

बाई ओट्याशी ताठ उभी होती. खांद्यावर कणीक, कपाळावर घाम, दोन्ही हातांत पान. तुळई तिच्या डोक्यावरून चार बोटं वर होती.

"आत या," ती म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "अन् वाकून या. इथं आता मी उभी हाओ."

मनकर्णाने तोंडाला पदर लावला. ओसरीवर पुंजाजी होता, जाईबाई होती, आणखी दोघंचौघं होते, आणि सगळ्यांना ऐकू गेलं होतं. खुशालरावांच्या मिशा थरथरल्या. ते संतापले असं शेषरावाला वाटलं, पण ते हसत होते. त्यांनी पागोटं काढून ललिताच्या हातात दिलं, दोन्ही हात पुढे केले, आणि कमरेत वाकून तुळईखालून आत गेले.